मंडळाचा क्लास करू नका

२०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला, अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवलं. त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयासोबत ती ग्रँडमास्टरही झाली. आपल्याकडे बुद्धिबळाला इतके चांगले दिवस कधी आले नव्हते. अशा वेळी आमच्या गावच्या बुद्धिबळ मंडळाच्या कार्यकारिणीने ‘काळाची गरज’ म्हणून एक ठराव मांडलाय. त्याला विरोध करणारा माणूस एकतर म्हातारा असणार किंवा खुळा, असं समजलं जातंय. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. खुळा आहे की नाही ते हा लेख वाचून ठरवा.

ठराव असा: वाचनालयाच्या वरचा मंडळाचा हॉल सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते नऊ, एका अकॅडमीला क्लाससाठी द्यायचा. सभासदांनी रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात खेळायचं. म्हणजे वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी उघडणारं दार आठवड्यातून तीन तास उघडणार. मी नोकरीमुळे पुण्यात राहतो, महिन्यातून दोनदा गावी येतो, पण सभासद आहे आणि वर्गणी वेळेवर भरतो. येत्या सर्वसाधारण सभेत मी या ठरावाविरुद्ध मत देणार आहे.

क्लासला माझा विरोध नाही. ओपनिंग, एंडगेम, डाव लिहून ठेवायची सवय या गोष्टी शिकवाव्याच लागतात आणि चांगला शिकवणारा त्याचे पैसे घेतो यात गैर काहीच नाही. माझा विरोध आहे तो ‘मंडळ आणि क्लास एकच, क्लास म्हणजे सुधारलेलं मंडळ’ या समजुतीला. दोन्हीकडे चौसष्ट घरं असतात, एवढंच साम्य आहे. क्लासमध्ये एक सर असतात आणि बाकी सगळे विद्यार्थी. मंडळात सर कुणीच नसतं, सगळे काका, भाऊ नाहीतर नुसतं नाव. क्लासला आपण काहीतरी व्हायला जातो. मंडळात आपण नुसते जातो.

हे ‘नुसतं जाणं’ म्हणजे टाइमपास, असं कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी मला ऐकवलं. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी नक्की काय चालतं ते सांगतो.

साडेसहाच्या सुमारास एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर येऊन कुलूप काढतात. रेक्झिनचे पट उलगडले जातात. मोहरी प्लास्टिकची, त्यातल्या दोन संचांत हत्ती कमी आहे, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण उभं राहतं. झाकण बघून कुणाची चाल चुकली असं मी कधी पाहिलेलं नाही. रिक्षावाले, मेडिकल दुकानातला पोरगा, तहसील कचेरीतले एक साहेब, दहावीतली मुलं, जो जसा येईल तसा समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसतो. कुणाशी खेळायचं हे निवडता येत नाही, कारण खुर्ची एकच रिकामी असते. पाच मिनिटांच्या डावांना नियम एकच: हरेल तो उठेल, जिंकेल तो बसेल. सोंगटीला हात लावला की ती हलवायची, मग समोर साहेब असोत की शाळेतलं पोर. डाव चालू असताना बघणाऱ्याने बोलायचं नाही हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे आणि तो रोज मोडला जातो. पण डाव संपला की बोलायचा पहिला हक्क हरणाऱ्याचा. ‘थांबा, घोडा घेतला तिथून परत लावा,’ असं त्याने म्हटलं की जिंकणाऱ्याने मुकाट्याने मोहरी मागे लावायची. रांगेत पुढचा नंबर लागलेला असला तरी लावायची.

मंडळातले सगळ्यांत वयस्कर सभासद अजून कधीमधी देशी पद्धतीने खेळायचा आग्रह धरतात. त्यात शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या घरचंच मोहरं होतं, आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्याकडून तीनदा हरल्यावर मला ते कळलं. आजचे आंतरराष्ट्रीय नियम घराघरांत रुळण्याआधी आपल्याकडे असेच खेळत आणि गावागणिक बारीकसारीक फरक असत. हे ज्ञान क्लासच्या अभ्यासक्रमात बसणार नाही, कारण त्याने रेटिंग वाढत नाही. रविवारच्या तीन तासांतही ते बसणार नाही. तेवढ्या वेळात प्रत्येकाला आपापला डाव उरकायचा असेल.

आता ठरावाच्या बाजूचा पहिला मुद्दा: ‘हल्ली सगळे मोबाइलवर खेळतात, मंडळाची गरजच काय?’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, रात्री झोपण्याआधी मीही मोबाइलवर खेळतो, आणि ती यंत्रणा कशी चालते हे मला ठाऊक आहे. तुम्ही बटण दाबलंत की ती तुमच्या जवळपासच्या रेटिंगचा खेळाडू शोधते. हेतू चांगला आहे, डाव रंगावा. पण त्याचा परिणाम असा की वर्षभर खेळूनसुद्धा तुम्ही साधारण निम्मे डाव जिंकता आणि निम्मे हरता. तुम्ही सुधारलात तर समोरचाही तेवढाच वरचा मिळतो, घसरलात तर तेवढाच खालचा. तुमच्यापेक्षा खूप थोर खेळाडू तुमच्या वाट्याला सहसा येत नाही. ज्याला तुम्ही काही समजावून सांगावं असा नवखाही येत नाही. मंडळात मात्र एका संध्याकाळी मला दोघंही भेटतात. पहिला मला वीस चालींत गुंडाळतो आणि वर कुठे चुकलो ते सांगतो, दुसऱ्याला मी सांगतो.

मोबाइलवर डाव संपला की इंजिन आकडा दाखवतं: तुमची अमुक चाल चूक, तमुक बरोबर. आकडा खराच असतो आणि विषय तिथेच संपतो. आमच्याकडे एका उंटाच्या बलिदानावरून तीन आठवडे वाद चालला होता. शेवटी इंजिनने तो मिटवला हे खरं, पण त्या तीन आठवड्यांत त्या स्थितीचा जेवढा विचार आम्ही केला, तेवढा आकडा आधी दिसला असता तर एकानेही केला नसता.

दुसरा मुद्दा रेटिंगचा. ‘अकॅडमी आली की मुलांना रेटिंग मिळेल.’ मिळेल. पण ते काय आहे ते नीट समजून घ्या. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने ही पद्धत बसवली आणि १९७०मध्ये फिडेने ती स्वीकारली. त्यामागचं गणित सुंदर आहे. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७५ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. त्याहून जास्त मिळवले तर रेटिंग वाढतं, कमी मिळवले तर उतरतं. पण हे गणित माणसांच्या हॉलमध्ये शिरलं की काय करतं ते बघा. फिडेच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या मुलाचा गुणक ४० असतो, जुन्या प्रौढ खेळाडूचा सहसा २०. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर एका पराभवाने मुलाचे २० गुण जातात, मोठ्याचे १०. मुलं झपाट्याने सुधारतात, त्यांच्या रेटिंगलाही पळता यावं, म्हणून ही तजवीज आहे. व्यवहारात मात्र तिचे दोन परिणाम होतात. स्पर्धेतला मोठा माणूस लहान मुलाशी बसायला कचरतो, कारण त्या मुलाचा खेळ त्याच्या आकड्याच्या पुढे गेलेला असतो. आणि मुलाचे आईवडील दाराबाहेर श्वास रोखून उभे असतात, कारण एका संध्याकाळीत चाळीस-पन्नास गुण उडू शकतात.

स्पर्धेत हे असू द्या, स्पर्धा त्यासाठीच असते. पण रोज संध्याकाळच्या खेळालाही हीच हवा लागली की हरणं महाग होतं, आणि हरणं महाग झालं की माणूस नवी चाल खेळून बघत नाही. अकॅडमीने महिनाभर नमुन्यादाखल क्लास चालवला, तेव्हा एका आईने माझ्याशी खेळायला बसलेल्या आपल्या मुलाला उठवलं. मला म्हणाल्या, ‘काका, तुमचं रेटिंग किती?’ मला रेटिंगच नाही, असं म्हटल्यावर त्यांनी मुलाला दुसऱ्या टेबलावर नेलं. वाईट वाटलं ते मला काका म्हटल्याचं नव्हे. हॉलमध्ये शिरताना नावाआधी आकडा विचारला गेला, हे त्या जागेत मी पहिल्यांदा ऐकलं.

‘मंडळाने आजवर एक तरी चॅम्पियन दिला का?’ हा तिसरा मुद्दा. आमच्या मंडळाने दिला नाही. इतर मंडळांनी मात्र दिलेत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, याच सांगलीच्या. त्या पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मद्रासला मॅन्युएल अॅरन यांनी सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब चालवला. लहानगा विश्वनाथन आनंद तिथे झटपट डाव खेळायचा आणि तिथलाही नियम हाच होता: हरेल तो उठेल आणि रांगेत मागे जाईल. त्याच्या खेळातला तो प्रसिद्ध वेग या रांगेतही घडला असणार.

पण या उदाहरणांवर मी माझी बाजू टेकवणार नाही. तसं केलं तर मंडळाची किंमत पदकांवर ठरते हे मी मान्य केल्यासारखं होईल. वाचनालयाने किती लेखक दिले असं आपण विचारत नाही. तालमीने किती हिंदकेसरी दिले यावरून गावातल्या पोरांनी जोर मारायचे की नाही हे ठरत नाही. विजेता एक होतो. उरलेल्या सगळ्यांनी संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्न आहे.

क्लासचं काम वर्गवारीवर चालतं: सात वर्षांखालचे, नऊ वर्षांखालचे, नवशिके, मध्यम, मुलींची वेगळी बॅच. शिकवायला ते सोयीचं असतं. पण वर्गवारीचं पुढे कुंपण होतं, हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिच्या खेळण्याला हरकत घेतली गेली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि अखेर फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्पष्ट करावं लागलं की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. झगडा होता तो समोर कोण बसणार याचा, बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोरच्या त्या एका खुर्चीचा. ती खुर्ची आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी फुकट मिळते.

आमच्या मंडळात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. मुली फार कमी येतात आणि त्याचं कारण मुलींमध्ये नाही. जिन्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या आहेत. काही जणांची तोंडं डाव हरल्यावर सुटतात. स्वच्छतागृहाला धड कडी नाही. पाच वर्षं यावर चर्चा चाललीय आणि एक कडी बसलेली नाही. अकॅडमी आली तर कडी आठवड्यात बसेल, हे मला मान्य आहे. पण कडी बसवायला गावाने हॉल का गमवावा? हे दोष कार्यकारिणीच्या आळसाचे आहेत, मंडळ या कल्पनेचे नाहीत.

राहिला पैसा, आणि तोच खरा मुद्दा आहे. वर्गणीत विजेचं बिल निघत नाही. वाचनालयाला भाडं द्यायचं असतं. अकॅडमी महिन्याला ठरावीक रक्कम देते आहे. ती नाकारायची तर पर्याय द्यायला हवा, म्हणून देतो.

क्लास पाच ते सात चालू दे. त्या दोन तासांचं भाडं अकॅडमीने द्यावं, त्यात वीजबिल निघेल. सातला सगळ्यांसाठी दार उघडायचं. क्लासमधलं प्रत्येक मूल आपोआप मंडळाचं सभासद, त्याची वर्गणी क्लासच्या फीमधूनच घ्यायची, आणि सात ते आठ त्याने थांबून जो समोर येईल त्याच्याशी खेळायचं. त्या तासात रेटिंग विचारायला बंदी. तंबाखू खाऊन येणाऱ्याला आणि तोंड सोडणाऱ्याला, मग तो कितीही जुना असो, महिनाभर बाहेर ठेवायचं. कार्यकारिणीत दोन जागा मुलींच्या आयांना द्यायच्या. कडीचे पैसे मी देतो.

यात अकॅडमीचं काही जात नाही. उलट त्यांच्या मुलांना फुकटात असे प्रतिस्पर्धी मिळतील, जे पुस्तकातली चाल खेळत नाहीत. अकॅडमीला हे पटत नसेल, तिला पाच ते नऊ एकट्यालाच हॉल हवा असेल, तर तिने गावात दुसरी जागा भाड्याने घ्यावी. बाजारपेठेत रिकामे गाळे आहेत. क्लास कुठेही चालतो. ज्याला कुठलीही बॅच लागू होत नाही त्या माणसाला मात्र दुसरा हॉल नाही.

सभासदांना एवढंच सांगायचं आहे. ठराव मंजूर झाला तर कुणी आंदोलन करणार नाही, बातमी येणार नाही. कंडक्टर काका किल्ली कार्यालयात जमा करतील. रिक्षावाले स्टँडवर थांबतील, साहेब टीव्ही लावतील, मेडिकलमधला पोरगा काउंटरखाली मोबाइल धरून खेळेल. आपण काही गमावलं असं कुणाला वाटणारही नाही, आणि म्हणूनच ते परत मागायलाही कुणी येणार नाही. सभेला या. पंधरा हातसुद्धा पुरतील.