घाम विकत मिळत नाही!

ऐन दिवाळीत, चकलीचा घास तोंडात असताना, भांडण उकरून काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. पण माझे भांडण वाचकांशी नाहीच. ते एका डब्याशी आहे. आणि तो डबा आज नागपुरातल्या कित्येक घरांत, चिवड्याच्या नि लाडवांच्या डब्यांशेजारी, मोठ्या मानाने येऊन बसला आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा काटोलहून नागपुरास आला आहे. बाप संत्र्याच्या बागेत राबतो. मुलगा इथे खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची. त्यांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला. चार-दोन सेकंदांवर एका शेतकऱ्याच्या घरची भाकर ठरते म्हणा ना! पहाटेच्या अंधारात मैदानावर धावणारी ही शेकडो मुले पाहिली की माझा ऊर भरून येतो.

या मुलाच्या खोलीवर मी तो डबा पाहिला. किंमत चौदाशे रुपये. वर धावत्या सिंहाचे चित्र, आणि आत अश्वगंधा, शतावरी, गुळवेल, मुसळी अशा वीस-बावीस वनस्पतींचे चूर्ण. "काकाजी," तो म्हणाला, "धावल्यावर स्नायूंत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो. ही पावडर तो मारते. आमच्या शिकवणीतच मिळते. सर म्हणाले, घ्याच." मी विचारले, "पैसे कुठून आणलेस?" मान खाली घालून पोरगा म्हणाला, "रात्रीची खानावळ बंद केली."

वाचकहो, त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी प्रतिपक्षाचे खरे ते मान्य करू. स्नायू कामाला लागला की प्राणवायू भराभर खपतो, आणि चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे फ्री रॅडिकल नावाचे उपद्व्यापी कण त्यातून निपजतात. १९८२ साली उंदरांना दमेपर्यंत धावडवून शास्त्रज्ञांनी पाहिले, तो त्यांच्या स्नायूंत नि यकृतात हे कण दुपटी-तिपटीने वाढलेले! या कणांचा जोर शरीराच्या प्रतिकारापेक्षा वरचढ झाला की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणावयाचे. इथवर डबेवाला खरे बोलतो. पण अर्धे सत्य सांगून उरलेले गिळणे हीच तर बाजारातली सर्वांत जुनी लबाडी आहे!

उरलेले असे. या ठिणग्या शत्रू नव्हेत, निरोप्ये आहेत. आज काम जड झाले, उद्यासाठी तयार राहा, हा निरोप त्या स्नायूला देतात; आणि स्नायू स्वतःचे अग्निशामक दल उभारतो. २००९ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे चाळीस तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व नि त्यासोबत ई जीवनसत्त्व दिले, म्हणजे ठिणग्या विझवण्याचा पक्का बंदोबस्त केला. परिणाम काय झाला? व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो, तो लाभ गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला. घेणाऱ्यांना मिळाला नाही. त्यांच्या स्नायूंनी आपले अग्निशामक दलही वाढवले नाही. निरोप्यालाच वाटेत अडवले, मग निरोप पोचावा कसा?

तेव्हा माझा सरळ सवाल आहे. डब्यातले चूर्ण या ठिणग्या खरोखर तितक्या जोराने विझवत असेल, तर ते मुलाची मेहनत वाया घालवण्याचा धोका आहे. आणि विझवत नसेल, तर चौदाशे रुपये कशाचे? यातले कोणते उत्तर डबेवाल्याला सोयीचे आहे, ते त्यानेच सांगावे!

कोणी घाबरून घरातली संत्री नि आवळे मात्र फेकू नयेत. त्या प्रयोगाइतके क जीवनसत्त्व पोटात जावयाचे तर आमची नागपुरी संत्री रोज निदान वीस तरी खावी लागतील. निसर्ग फळात बेताने घालतो. बेताल होतो तो डबा.

यावर एक हुकमी आरोळी येते: "तुम्ही आयुर्वेदाचे वैरी!" मुळीच नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७ पुरुषांना आठ आठवडे व्यायाम दिला. काहींना अश्वगंधाच्या मुळाचा अर्क रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम, बाकीच्यांना नुसती पोकळ गोळी. अर्क घेणाऱ्यांची छातीवरून वजन उचलण्याची ताकद सरासरी ४६ किलोंनी वाढली. ते मी लपवीत नाही. पण पोकळ गोळीवाल्यांचीही २६ किलोंनी वाढली, हे डब्यावर कां छापत नाहीत? ती वाढ निव्वळ घामाची, फुकटची! शिवाय ती चाचणी लहान, आणि मोजून दिलेल्या एकाच मुळाची. बावीस वनस्पतींच्या खिचडीला तिचे प्रमाणपत्र कसे लागू पडेल?

आणि आयुर्वेदाचाच कौल घ्यावयाचा, तर वाग्भटाचा घ्या. अष्टांगहृदयात तो सांगतो की व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, आणि तो बलवानाने, स्निग्ध अन्न खाणाऱ्याने करावा. जेवण बंद करून चूर्ण खा, असे कोणत्या ऋषीने सांगितले आहे?

आता पैशापलीकडची गोष्ट. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. असेल! पण वेल कोणती यावर जाणत्यांतच वाद होतो, तिथे तिचे पीठ करून डब्यात भरल्यावर काटोलच्या पोराने ती ओळखावी कशी? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक आहारांपैकी ९४ मध्ये, वेष्टनावर नाव नसलेली स्टेरॉइड संप्रेरके सापडली होती. अशा डब्यापायी एखाद्या कबड्डीपटूवर उत्तेजक घेतल्याचा ठपका आला, तर "वेष्टनावर नव्हते" ही सबब त्याला तारीलच असे नाही. आणि अन्नपरवान्याचा क्रमांक पाहून हुरळू नका. तो विकण्याची मुभा देतो, गुणाची हमी देत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. वनस्पतीचा कोणता भाग, किती मिलिग्रॅम, आणि तपासणी कोणी केली, हे डब्यावर मराठीत छापा. आणि जो धावायला शिकवतो त्याने डबा विकू नये. गुरू नि दुकानदार एका गादीवर बसले की शिष्याचे गिऱ्हाईक होते.

आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याच्या पथकाने जगाला देशी खेळ दाखवले. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही संज्ञा शास्त्रात रुजली ती १९८५ साली. तिच्या जन्माआधी जवळजवळ पन्नास वर्षे या मातीतली माणसे बर्लिनला जाऊन आली होती!

पुतण्याची खानावळ मी पुन्हा सुरू करून दिली आहे. खोलीवर चणे, शेंगदाणे, गूळ ठेवला आहे. दूधवाल्याला सांगितले आहे. रिकाम्या डब्यात वहिनींनी करंज्या भरून पाठवल्या आहेत. त्या डब्यात आजवर गेलेली ही पहिली भरवशाची वस्तू! आपल्याही घरात तसला डबा असेल, तर या दिवाळीत त्याचा असाच उद्धार करा.