भीती हार्मोन्सची नको, औषधांची हवी

आमच्या होटगीत बचत गटाची बैठक असो की हळदीकुंकू, चिकनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "ब्रॉयलरला हार्मोन्स देतात म्हणे, पोरींना खायला घालू नका!" मग मुलाच्या ताटात रस्सा पडतो, मुलीच्या ताटातला मात्र कमी होतो.

मैत्रिणींनो, ही भीती निराधार आहे. वाढीची हार्मोन्स खाद्यातून दिली तरी कोंबडीच्या पोटात पचून जातात आणि हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचणं कुणालाच परवडणार नाही. सहा आठवड्यांत पिल्लू दोन किलोंचं होतं ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेल्या जातीमुळे आणि मका-सोयापेंडीच्या खाद्यामुळे. वाढत्या वयाच्या मुलीला प्रथिनं हवीतच.

खरी काळजी वेगळी आहे. खाद्यात थोडं अँटिबायोटिक मिसळलं की पिल्लं लवकर वाढतात, हे 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लक्षात आलं आणि ती पद्धत जगभर पसरली. पण थोड्या मात्रेनं सगळे जंतू मरत नाहीत. उरतात ते औषधाला दाद न देणारे. तेच माणसाच्या अंगात शिरले तर बाळंतीण असो की तान्हं बाळ, डॉक्टरांचं औषध लागू पडत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले 70 नमुने तपासले. त्यांतल्या 40 टक्क्यांत अँटिबायोटिकचा अंश सापडला. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना देण्यावर आपल्या सरकारने 2019 मध्ये बंदी घातली.

करार पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं; शेड आणि कष्ट आपले. मरतूक वाढली की मेहनताना घटतो, मग औषधाकडे हात जातोच. शेडात राबते बाई, पण बाटलीत काय आहे हे तिला कुणी सांगत नाही. तेव्हा बायांनो, विचारा : हे औषध कशासाठी? पशुवैद्यांनी लिहून दिलंय का? विक्रीआधी किती दिवस बंद करायचं? कोरडं तूस, स्वच्छ पाणी, खेळती हवा आणि वेळेवर लस असेल तर औषध कमी लागतं. प्रोबायोटिकसारखे पर्यायही आहेत.

स्वयंपाकघरात चिकन पूर्ण शिजवा, सुरी-पाट लगेच धुवा. जंतू त्याने मरतील, पण औषधाचा अंश पूर्ण जाईलच असं नाही. तो शेडातच थांबवावा लागेल.