ट्रकच्या चाकाशेजारी रेंगाळू नका

हायवेच्या कडेला काळी सालपटं पडलेली असतात. काही हातभर, काही पुरुषभर लांब, तारा बाहेर आलेली, मेलेल्या धामणीसारखी वळलेली. आपण ती चुकवतो आणि पुढे जातो. ते असतं ट्रकच्या टायरचं वरचं रबर. ते सालपट सुटलं त्या क्षणी चाकाला लागून एखादा दुचाकीवाला चालला होता का, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. तो यावा, म्हणून हे लिहितो आहे.

मी गेली 22 वर्षं सातारा-कराड असा मोटारसायकलवरून जातो-येतो. एवढ्या काळात माझ्या डोळ्यांदेखत ट्रकचा टायर एकदाच फुटला, उंब्रजच्या अलीकडे. मी शंभर-दीडशे फूट मागे होतो. आवाज असा झाला, की जणू सुतळी बॉम्ब हेल्मेटच्या आतच फुटला. पाठोपाठ धुळीचा लोट उठला. मला काही झालं नाही. पलीकडच्या लेनमधला स्कूटरवाला मात्र चाकापासून जेमतेम एका गाडीच्या अंतरावर होता. तो दचकला, त्याचं हँडल वळलं आणि स्कूटर आडवी झाली. नडगीचं हाड मोडलं. टायरचा एक तुकडासुद्धा त्याला लागलेला नव्हता.

त्यानंतर मी आमच्या वाटेवरच्या टायरवाल्याकडे बसायला लागलो. हा केरळचा माणूस. आपल्याकडे हायवेवर टायर-पंक्चरची बरीच दुकानं केरळी मंडळींची आहेत. सगळे त्याला चेट्टा म्हणतात. त्याचं मराठी माझ्यापेक्षा ठसक्यातलं आहे. टायर का फुटतो हे मला जे कळलं, ते बरंचसं त्याच्या दुकानातल्या उलट्या ठेवलेल्या रिमवर बसून.

आपल्या मोटारसायकलच्या चाकात 25 ते 35 पौंड हवा असते. भरलेल्या ट्रकच्या चाकात 110-120 पौंड, म्हणजे चौपट दाब. शिवाय ते चाक मोठं. नेहमीचा हजार-वीसचा टायर उभा केला तर मीटरभराहून थोडा उंच भरतो, त्यामुळे आतली हवाही कितीतरी जास्त. ही सगळी हवा एका क्षणात बाहेर यायला बघते आणि बहुधा टायरची बगल फाडून येते. म्हणजे झोत बाजूला जातो. चाकाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर असतो आणि चाकाचा माथा जवळजवळ आपल्या हँडलच्या उंचीला येतो. शेजारून जाणाऱ्याची पोटरी, गुडघा आणि मांडी बरोबर त्या झोतासमोर असते. कारवाल्याला निदान पत्र्याचं दार असतं.

फुटण्याचं कारण म्हणून लोक ‘हवा जास्त झाली’ असं सांगतात. चेट्टाच्या मते दहातल्या आठ वेळा ती कमी झालेली असते. हे आकडे त्याच्या अंदाजाचे, पण मागचं गणित खरं आहे. ट्रकच्या मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना जोडटायर असतात. 2018 पासून अशा चार टायरच्या एका एक्सलवर 11.5 टन भार चालतो, म्हणजे एका टायरच्या वाट्याला जवळजवळ 2.9 टन. जोडीतल्या आतल्या टायरला खिळा लागून तो बसला, तर बाहेरच्यावर पावणेसहा टन येतात. केबिनमध्ये ड्रायव्हरला याचा पत्ता नसतो, कारण ट्रक एका बाजूला झुकत नाही. जोडीदार टायर सगळं ओढतो, दबतो, फुगतो, पुन्हा दबतो. साठच्या वेगाला एक चाक तासाभरात 18,000 वेळा फिरतं आणि तेवढ्याच वेळा त्याची बगल वाकते. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवली की गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच हे. आतून तापलेलं रबर, खालून मे महिन्यातलं साठ अंशांकडे गेलेलं डांबर, आणि घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापून रिमला दिलेली आच, हे सगळं एकत्र आलं की टायर कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून कसारा किंवा आंबा घाट उतरून नुकत्याच सपाटीला लागलेल्या ट्रकपासून मी जास्तच लांब असतो.

आणखी एक गैरसमज इथेच खोडून काढतो. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि ड्रायव्हर मंडळी भर दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडतात. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतोच, तो तसा वाढणार हे धरूनच टायर बनवतात. तेव्हा हवा सोडली, तर संध्याकाळी थंड झालेला टायर कमी हवेचा राहतो आणि दुसऱ्या दिवशी तोच जास्त तापतो. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी. नायट्रोजनचंही तसंच आहे. भरा, बिघडत काही नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि झिजून गोटा झालेल्या टायरला तो वाचवत नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे दुचाकीवाल्यांकडे वळतो. ट्रकची चाकं आणि आपण यांच्यामध्ये जो दोन-तीन फुटांचा पट्टा उरतो, तो रस्ता समजू नका. ओलांडायचं असेल तर मधे एक आख्खी लेन ठेवा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. ओलांडायला लागलात की मधेच रेंगाळू नका. तुम्ही साठने चाललाय आणि सोळा मीटरचा ट्रेलर पन्नासने चाललाय, तर त्याची लांबी पार करायला सहा सेकंद लागतात. तो पंचावन्नने असेल तर बारा. बारा सेकंद चाकांशेजारी! शंभर सीसीची गाडी, मागे माणूस, पुढे चढ, अशा वेळी आपली गाडी त्याला ओलांडेल का याचा अंदाज आधीच घ्या. अर्ध्यात कळलं की जमत नाही, तर वेग वाढवण्याच्या हट्टाला न पेटता सरळ मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही, मी रोज येतो.

मागे राहायचं म्हणजे चिकटून नव्हे. ट्रकचं मागचं टोक एखाद्या खांबापाशी पोहोचलं की मनात सावकाश चार मोजा. त्याआधी तुम्ही खांबापाशी आलात तर जवळ आहात. मागे फेकलं जाणारं रबर तर आहेच, पण जोडटायरच्या फटीत अडकलेला दगड गोफणीतून सुटल्यासारखा येतो, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. आणि ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यातून तुम्हीही कोणाला दिसत नाही.

डाव्या बाजूचं काय? खरी अडचण अशी, की लादलेले ट्रक उजव्या लेनमधून रांगत असतात आणि डावी लेन मोकळी दिसते. मोह होतो. पण डावी बाजू किन्नरची, म्हणजे क्लीनरची; ड्रायव्हर तिथून सर्वांत लांब बसलेला असतो. पुढचा डावा टायर गेला तर ट्रक डावीकडेच ओढला जातो. मागचा गेला तरी ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, तीही डावीकडेच. त्यामुळे डावीकडून जाणारा दोनदा सापडतो. हॉर्न द्या, डिपर मारा, वाट बघा. त्याला शिव्या घालायच्या असतील तर त्याही मागूनच घाला.

एक प्रकार मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण तो चांगल्या मनाने होतो. ट्रकचा एक टायर बसलेला दिसला, रबराचा जळका वास आला, फट-फट आवाज ऐकू आला, की आपल्यातलाच कुणीतरी भला माणूस गाडी थेट केबिनशेजारी नेतो आणि ओरडतो, “टायर बसलाय, टायर!” ज्या टायरबद्दल तो ओरडतोय, त्याच्याच बाजूला दोन पावलांवर तो चाललेला असतो. कळवायला हवंच, पण लांबून. मागूनच डिपर मारत राहा. किंवा पूर्ण लेन सोडून पुढे निघा आणि बरंच पुढे गेल्यावर हात मागे करून चाकाकडे खूण करा. ड्रायव्हर लोकांना ही खूण लगेच कळते. तेही जमत नसेल तर पुढच्या टोलनाक्यावर गाडीचा नंबर सांगा, किंवा थांबून 1033 ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गाची मदत तिथे मिळते.

उभ्या ट्रकलाही हेच लागू आहे. तापलेला टायर गाडी थांबल्यावरही फुटू शकतो. सिग्नलला आपण फटीतून पुढे सरकतो आणि नेमके मागच्या चाकांशी अडकतो. तिथे थांबण्यापेक्षा एक गाडी मागे थांबा. ट्रकच्या टायरमध्ये हवा भरताना समोर उभं राहून बघायची आपल्याला हौस असते, पोरं तर वाकून बघतात. जुन्या रिमची लोखंडी रिंग नीट बसलेली नसली तर हवेच्या दाबाने उडते. चेट्टा हवा भरताना स्वतःही बाजूला उभा राहतो आणि रिंगभोवती साखळी गुंडाळतो. त्याचं बघून मीही मागे सरतो.

तरी एखादा टायर शेजारी फुटलाच, तर काय करायचं? खरं सांगायचं तर फार थोडं. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा, ब्रेक करकचून दाबू नका आणि काय झालं म्हणून वळून बघू नका. उंब्रजच्या त्या स्कूटरवाल्याचं हँडलच वळलं होतं. हेल्मेट पूर्ण तोंडाचं असू द्या, काच खाली. डोक्यावर कुंडी पालथी घातल्यासारखं ते अर्धं हेल्मेट चेहऱ्याला काही उपयोगाचं नाही. कोणी पडलेलं दिसलं तर थांबा आणि 108 किंवा 112 ला फोन करा. मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर आहे. जखमीला दीड लाखापर्यंतचे उपचार सात दिवस विनारोख मिळावेत, अशी केंद्राची योजनाही 2025 पासून आहे.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची. टायर फुटून किती, ते बाजूला ठेवू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्याबद्दल आपण कुरकुरतो. पण उरलेल्या सगळ्या रस्त्यांवर आपण आणि चौदा चाकी एकाच डांबरावर असतो, कधीकधी एकाच लेनमध्ये.

ट्रकमालकांनाही दोन शब्द. रबर चढवलेला टायर वाईट नसतो, विमानाचे टायरसुद्धा रिट्रेड करतात. वाईट असतो तो आतून खिळखिळा झालेला सांगाडा, ज्यावर तिसऱ्यांदा रबर चढवलं जातं. नियम नक्षी किमान 1.6 मिलिमीटर हवी असं सांगतो, नक्षीच्या खाचेत खूण असते, तिथवर झिजला की टायर बदला. किन्नरला दर थांब्यावर टॉमीने टायर ठोकून बघायला लावा, बसलेल्या टायरचा आवाज बद्द येतो. आणि आमच्या भागात ऊस हंगामात ट्रॉल्यांना लागतात ते टायर बघितले, तर कारखान्याच्या गेटवर काट्याआधी टायर बघायची पद्धत असायला हवी, असं वाटतं. ऊस काट्यावर मोजतात, टायरकडे कोणी ढुंकून बघत नाही.

शेवटी, मागे बसणाऱ्यांचं. साडी नेसलेली बाई एका बाजूला बसते, दोन्ही पाय डावीकडे. आपण ट्रकला उजवीकडून नियमाप्रमाणे ओलांडतो तेव्हा ट्रक डावीकडे असतो. म्हणजे तिचे दोन्ही गुडघे चाकांकडे तोंड करून. हे मला कळायला 20 वर्षं लागली. बायकोला सांगितलं, तेव्हापासून लांब जायचं असलं की ती पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसते. आई ऐकत नाही. तिचं वय सत्तर, नऊवारी, आणि ‘पाय फाकून बसायचं का आता?’ हा प्रश्न. म्हणून आई मागे असली की मी ट्रक ओलांडतच नाही. तासाचा रस्ता दीड तासाचा होतो. तासवड्याचा टोलनाका येईपर्यंत ती गप्प असते. मग खांद्यावर हात ठेवून विचारते, “का रं, गाडी बिघडलीया का?”