मनगटावरचा वर्ण



फुटपाथवरचं सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. लाखाचं, स्प्रिंगवर चालणारं, क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिरवणारं स्विस घड्याळ दिवसाला चार सेकंद मागं नाहीतर सहा सेकंद पुढं गेलं तरी पास! मग लाख रुपये कशाचे? वेळेचे नक्कीच नाहीत. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात नट पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. विकला गेला तो दर्जा.

बरं, नुसता पैसा असून भागत नाही. काही मॉडेलं मागायला जा. दुकानदार नाव लिहून घेतो, आधी काय काय खरेदी केलीत ते बघतो, मग कुणाला द्यायचं ते ठरवतो. गिऱ्हाइकांचीसुद्धा उतरंड! आपल्याला ही रीत नवी नाही.

आपल्या बापांनी एचएमटीची 'जनता' रोज सकाळी चावी देऊन चालवली. बिघडली की कोपऱ्यावरचा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून उघडायचा. २०१६ साली सरकारनं ती कंपनी बंद करायचं ठरवलं. बऱ्याच बड्या स्विस कंपन्या मात्र सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाहीत. पाच-दहा वर्षांनी तेलपाणी करायचं तर त्यांच्याच दारात जा, ते म्हणतील ते बिल भरा.

हौस असेल तर खुशाल घाला. आपण साधंच राहावं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पण हप्त्यावर इज्जत मिळत नसते. आणि समोरच्याचं मनगट बघून त्याला खुर्ची द्यायची सवय आपल्याला लागली, तर मनूला वेगळं यायची गरज काय?