दोन ओट्यांची खोली

संग्रामपूरहून नैर्ऋत्येला गेलं की अजिंठा लागतो. चित्रं पाहून झाली की १२ क्रमांकाच्या लेण्यात जरूर शिरा. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा विहार, म्हणजे भिक्खूंची राहायची जागा. मधे दालन, तीन बाजूंना १२ खोल्या. प्रत्येक खोलीत झोपायला दगडातच कोरलेले ओटे. किती? दोन!

एकांत हवा, तर दुसरा ओटा कशाला?

भिक्खू एरवी गावोगाव फिरत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी राहून ध्यान करत. हा वर्षावास. श्वासाकडे लक्ष द्यायचं, मनात राग आला, हेवा आला, तर तो नुसता बघायचा. वर्षावास संपला की प्रवारणा. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू इतरांना विनवी, माझं काही चुकलेलं दिसलं असेल तर सांगा.

म्हणजे एकांत माणसांवर रुसून बसण्यासाठी नव्हता, माणसांत नीट वागता यावं म्हणून होता. तुम्हाला घरात वेगळी खोली नाही? अडत नाही. भांडण झालं की दहा मिनिटं ओसरीवर गप्प बसा. मग आत जा आणि विचारा, "माझं काय चुकलं?" हे दुसरं जास्त अवघड आहे. बघा जमतंय का!