संशोधन ही शेवटच्या वर्षाची बक्षिसी नव्हे

संशोधन म्हटले की आपल्यापुढे पांढरा कोट, महागडी यंत्रे आणि पीएच.डी. ही अक्षरे उभी राहतात. पदवीच्या विद्यार्थ्याने पाठ करावे, प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर उतरवावे आणि परीक्षेला बसावे, अशी विभागणी आपण मुकाट्याने मान्य केली आहे. मला ती मान्य नाही. मी भूगोलाचा विद्यार्थी. विज्ञानाच्या अध्यापनाविषयी बोलण्याचा याला अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार एवढाच, की मी कुरुळीत राहतो आणि आमच्या शिवारातल्या विहिरींच्या पाण्यात काय आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आहे. पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांनाच. म्हणजे तीन वर्षे दुसऱ्यांची उत्तरे पाठ केल्यावर स्वतःचा प्रश्न विचारण्याची परवानगी! चाकणच्या कंपनीत रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणाऱ्या आपल्या मित्राने ही अट कशी पुरी करावी? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा उपक्रम चालवला, २००६ पासून राज्यात 'आविष्कार' स्पर्धा आली. दोन्ही गोष्टी चांगल्याच, परंतु निवडलेल्यांपुरत्या. वर्गातल्या उरलेल्यांचे काय?

साधने नाहीत, ही सबब नेहमीची. दा. ध. कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. जुनी आहत नाणी तराजूत तोलून, झिजेच्या हिशेबावरून त्यांनी त्यांचा कालक्रम शोधण्याचा प्रयत्न केला. पुण्याभोवतालच्या टेकड्या पायी तुडवून दगडाची लहान हत्यारे गोळा केली. तराजू, पाय आणि प्रश्न, एवढीच काय ती सामग्री!

आपल्याकडे तर प्रश्न दारात आहेत. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण पाहतो, हळहळतो आणि पुढे जातो. देहू, मोशी आणि आळंदी येथले पाणी एकाच दिवशी बाटल्यांत भरावे, काठावरच त्यात रसायने घालून प्राणवायू बांधून ठेवावा आणि प्रयोगशाळेत ब्युरेटखाली निळा रंग नाहीसा होईपर्यंत मोजावे. विंकलरची ही पद्धत १८८८ ची आहे. २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. सांडपाणी कुजू लागले की तो घटतो. देहूपासून आळंदीपर्यंत तो कोठे घटतो, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? माझी सूचना साधी आहे. पाण्याचा कठीणपणा काढण्याचा प्रयोग होतोच. त्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या नमुन्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरीचे पाणी आणावे. ब्युरेट तेच, रसायन तेच, तासही तोच. फरक इतकाच, की उत्तर कुणालाच आधी ठाऊक नसेल. आकडे विश्वसनीय कसे, असे कुणी म्हणेल. एकच नमुना दोन गटांनी वेगवेगळा तपासावा आणि पडलेला फरकही नोंदवावा. चूक लपवायची नाही, हा विज्ञानाचा पहिला धडा त्यातूनच मिळेल.

कला शाखेनेही मागे राहू नये. दर पंधरवड्याला दोरी आणि वजन सोडून विहिरीची पातळी आम्ही मोजू. पूर्वी ती कोठवर असे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारू. शेते जाऊन कारखाने कोठे आले, त्याचा नकाशा काढू. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. म्हणून जवळच्या दोन विहिरीही वेगळे सांगतात. एवढ्या विहिरी सरकारी खात्याने मोजाव्यात अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेतलेल्या पानांवर मिळवायचे, की या कामावर, हे आपणच ठरवायचे आहे. ग्रंथालयात प्रत्येक गावाची एक नोंदवही ठेवावी. एका तुकडीने दुसरीच्या हाती द्यावी. पाच वर्षांनी ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला, तर आपल्यापैकी कुणीतरी ती वही घेऊन उभे राहील आणि त्याच्याजवळ तक्रारीबरोबर आकडेही असतील.