चव जपायची, तर जागा द्या!

मैत्रिणींनो, आठवडी बाजाराच्या दिवशी गारगोटीत वडा-भजीच्या गाड्या ओलांडून थोडं पुढं गेलं, की जुन्या चवी अजून भेटतात. नाचणीची आंबील, मऊ आंबोळी, भाकरीवर झुणका आणि मिरचीचा खरडा. मी दर खेपेला काहीतरी चाखतेच. चव घरची आणि करणारे हात बहुतेक बायकांचेच.

पारंपरिक पदार्थांना आता बरे दिवस आलेत, असं सगळे म्हणतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि आपल्या नाचणीला मोठा मान मिळाला. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये राज्यभरातल्या बचत गटांच्या स्टॉलवर शहरी माणसं रांगा लावतात. आनंदच आहे! पण महोत्सव थोड्या दिवसांचा, चूल मात्र बारा महिन्यांची. बाकीच्या दिवसांचं काय? आपल्याकडच्या कितीतरी बाजारांत विकणारी बाई पोत्यावर, उन्हात बसते. पाणी घरून कळशीनं आणते. एक मावशी मला हळूच म्हणाल्या, "ताई, जायची सोय नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत न्हाई." दुसऱ्यांना आंबील पाजणारी बाई स्वतः तहानलेली!

सिंगापूरचं उदाहरण बघा. तिथंही विक्रेते रस्त्यावरच बसायचे. १९७० ते १९८५ च्या सुमारास सरकारनं त्यांना बांधीव जागेत आणलं. नळाचं पाणी, गटार, बसायला बाकं, सगळी सोय केली. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं तिथल्या या खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आधी जागा आणि पाणी, मग कौतुक!

आपल्याकडे २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. विक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असं तो सांगतो. पण या कायद्यात महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती येतात. ग्रामपंचायतीच्या बाजारात बसणारी बाई त्यातून सुटते. स्वच्छतेची अपेक्षा मात्र तिच्याकडूनही तेवढीच. नळच नसेल, तर तिनं भांडी कशात धुवायची?

म्हणून हा प्रश्न आपणच हाती घ्यायला हवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. तिथं हळदी-कुंकवासारखं नुसतं जाऊन येऊ नका. उठून विचारा : बाजारकराच्या पावत्यांतून वर्षाला किती पैसे जमा होतात? त्यातले बाजारावर किती खर्च होतात? एक नळ, सावलीला पत्र्याची शेड आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, एवढ्या तीनच गोष्टी मागा. ठरावात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं तेही विचारा.

आणखी एक. हॉटेलचं बिल मुकाट्यानं देणाऱ्या पुष्कळ जणी आंबिलीच्या पेल्यासाठी दोन रुपयांची घासाघीस करतात. तसं नको. त्या दोन रुपयांत तिची पहाटे चारची उठबस असते. आज तिला जागा मिळाली, तर उद्या तिची सूनही हौसेनं आंबील करील. नाहीतर आपल्या नातवंडांना आंबील फक्त महोत्सवातच बघायला मिळेल.